जनुकांच्या नावांपासून चयापचय मार्गांपर्यंत : एका संगणकीय कोशाची रचना

१

एखाद्या जीवाचा जीनोम वाचून पूर्ण झाला म्हणजे त्या जीवाचे ज्ञान झाले, अशी एक समजूत प्रचलित आहे. ती यथार्थ नव्हे. अक्षरे लावता येणे आणि ग्रंथ समजणे यांत जे अंतर आहे, तेच येथेही आहे. १९९५ साली हीमोफिलस इन्फ्लुएंझा या जीवाणूचा संपूर्ण जीनोम प्रसिद्ध झाला; स्वतंत्रपणे जगणाऱ्या जीवाचा हा पहिलाच पूर्ण जीनोम होय. १९९७ साली एश्चेरिकिया कोलाय या जीवाणूच्या के-१२ प्रकाराचा जीनोम प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ४६ लाख ३९ हजार क्षारक-जोड्या आणि प्रथिनांची घडण ठरविणारी सुमारे ४,३०० जनुके आढळली. परंतु जनुकांची यादी ही केवळ शब्दसूची होय. हा जीव कोणते अन्न घेतो, त्याचे रूपांतर कोणत्या क्रमाने करतो आणि कोणती द्रव्ये स्वतः घडवितो, हे त्या सूचीवरून कळत नाही. त्यासाठी सूचीचा कोश व्हावा लागतो.

असा कोश तयार करण्याची जी साधने आज उपलब्ध आहेत, त्यांपैकी ‘पाथवे टूल्स’ या सॉफ्टवेअरचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातील एसआरआय इंटरनॅशनल या संस्थेत पीटर कार्प व त्यांचे सहकारी यांनी ते विकसित केले. भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाने या विषयाकडे वळावे याचे कारण असे की, या साधनापुढील सर्वांत कठीण प्रश्न रसायनशास्त्राचा नसून नावाचा आणि अर्थाचा आहे.

२

या साधनाचा उगम एकाच जीवाच्या कोशात आहे. कार्प आणि जीवाणूंच्या जनुकशास्त्रातील ज्येष्ठ संशोधक मोनिका रायली यांच्या सहकार्यातून ‘इकोसाइक’ हा एश्चेरिकिया कोलायचा कोश १९९२ पासून आकारास येऊ लागला. पुढे अनेक जीवांतील, प्रयोगाने सिद्ध झालेल्या चयापचय मार्गांचा ‘मेटासाइक’ हा दुसरा कोश सिद्ध झाला. त्यात आज तीन हजारांहून अधिक मार्गांची नोंद आहे. पहिला कोश एका बोलीच्या सखोल वर्णनासारखा आहे. दुसरा अनेक बोलींतून प्रमाण ठरलेल्या वाक्यरचनांच्या संग्रहासारखा.

या कोशांची अंतर्गत रचना लक्षात घेण्याजोगी आहे. सामान्य वाचकाची कल्पना अशी असते की, एक जनुक म्हणजे एक प्रथिन आणि एक प्रथिन म्हणजे एक रासायनिक विक्रिया. वस्तुस्थिती तशी नाही. ट्रिप्टोफॅन सिंथेज हे एंझाइम दोन निरनिराळ्या जनुकांपासून होणाऱ्या घटकांचे मिळून बनते. उलट, थ्रीओनीन या ॲमिनो आम्लाच्या घडणीतील एका जनुकाचे प्रथिन एकटेच दोन भिन्न विक्रिया घडवून आणते. आणि ग्लुकोजच्या विघटनातील एकच विक्रिया फॉस्फोफ्रुक्टोकायनेज नावाची दोन स्वतंत्र एंझाइमे पार पाडू शकतात. शब्द आणि अर्थ यांच्या संबंधातही नेमके हेच तीन प्रकार आपण पाहतो : सामासिक शब्द, अनेकार्थी शब्द आणि पर्यायशब्द.

म्हणून इकोसाइकमध्ये जनुक, प्रथिन, विक्रिया आणि मार्ग यांच्या नोंदी वेगवेगळ्या ठेवल्या आहेत. इतकेच नव्हे, तर ‘अमुक एंझाइम अमुक विक्रिया घडविते’ या संबंधाचीही स्वतंत्र नोंद केली जाते. ते एंझाइम कशाने मंदावते, त्यास कोणते साहाय्यक द्रव्य लागते, ही माहिती प्रथिनाच्या नोंदीत नसते आणि विक्रियेच्याही नोंदीत नसते. ती या संबंधाच्या नोंदीत असते. जो कोशकार शब्दाचे गुण आणि अर्थाचे गुण एकाच रकान्यात लिहितो, त्याचा कोश लवकरच गोंधळाचे आगर होतो, हे सांगावयास नकोच.

३

आता नव्या जीवाचा कोश कसा तयार होतो ते पाहू. या कामासाठी पाथवे टूल्समध्ये ‘पॅथोलॉजिक’ नावाचा भाग आहे. त्यास जीनोमची अशी प्रत द्यावी लागते की, जीत प्रत्येक जनुकाचे स्थान आणि त्याच्या प्रथिनाचे कार्यदर्शक नाव नोंदलेले आहे. हा भाग प्रत्येक नाव घेऊन मेटासाइकमधील एंझाइमांच्या नावांशी ताडून पाहतो आणि नाव जुळले की त्या प्रथिनास संबंधित विक्रिया जोडतो.

नावांचा हा गोंधळ नवा नाही. तो आवरण्यासाठी १९५६ साली आंतरराष्ट्रीय एंझाइम आयोग स्थापन झाला आणि १९६१ साली त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. या आयोगाने चार अंकांची पद्धत घालून दिली. हेक्झोकायनेजचा क्रमांक २.७.१.१ हा आहे : पहिला अंक सांगतो की हे एंझाइम एका रेणूवरील गट दुसऱ्यावर नेते, दुसरा सांगतो की तो गट फॉस्फरसयुक्त आहे, तिसरा सांगतो की तो अल्कोहोल-गटावर जातो, चौथा केवळ अनुक्रम होय. ध्यानात ठेवण्याची गोष्ट ही की, हा क्रमांक प्रथिनाचा नसून विक्रियेचा आहे. तो अर्थाचा क्रमांक आहे, शब्दाचा नव्हे.

परंतु पुष्कळशा जनुकांच्या नोंदीत हा क्रमांक नसतोच. असते ते केवळ नाव. तेव्हा संगणकास थोडेसे व्याकरण शिकवावे लागते. ज्या नावाच्या शेवटी ‘एज’ हा प्रत्यय आहे, पण ज्याचा मेळ कोठेच बसत नाही, ती नावे ‘संभाव्य एंझाइमे’ म्हणून माणसाच्या तपासणीसाठी वेगळी काढली जातात. नावामागील ‘बहुधा’, ‘संभाव्य’ अशा अर्थाची विशेषणे बाजूस सारून उरलेले नाव ताडून पाहिले जाते. जुळणी करण्यासाठी ही युक्ती आवश्यक आहे, परंतु तीत एक धोकाही आहे. ज्याने मूळ नोंद केली त्याने आपली शंका त्या एका विशेषणात ठेवलेली होती.

४

विक्रिया जोडून झाल्यावर मार्गांचा निर्णय येतो. मेटासाइकमधील प्रत्येक मार्ग घेऊन असे पाहिले जाते की, त्यातील किती विक्रियांसाठी या जीवात एंझाइम सापडले. त्यांपैकी एखादी विक्रिया केवळ याच मार्गात आढळणारी आहे काय. आणि हा मार्ग ज्या जीवसमूहात आढळतो त्यात हा जीव मोडतो काय. या पुराव्यांवरून मार्ग आहे की नाही हे ठरते. यानंतर जाणकार संपादकाने प्रत्येक मार्ग तपासावा, असे अपेक्षित आहे.

कित्येकदा एखाद्या मार्गातील इतर विक्रियांची एंझाइमे सापडतात, पण एखादीचे सापडत नाही. यास ‘छिद्र’ असे म्हणतात. ते बुजविण्यासाठी २००४ साली एक पद्धत प्रसिद्ध झाली. इतर जीवांत ती विक्रिया करणाऱ्या एंझाइमांशी साम्य असलेली प्रथिने प्रस्तुत जीनोममध्ये शोधावयाची, आणि साम्याची मात्रा, शेजारची जनुके त्याच मार्गातील आहेत काय, इत्यादी गोष्टींवरून प्रत्येक उमेदवाराची संभाव्यता गणिताने ठरवावयाची, अशी ती पद्धत होय. खंडित पोथीतील गळालेला शब्द संदर्भावरून आणि अन्य प्रतींवरून सुचविणारा संपादक याहून वेगळे काही करीत नाही.

परंतु येथेच या साधनाची मर्यादाही दिसते. सायनोबॅक्टेरियांत क्रेब्ज चक्र अपूर्ण असते, असे १९६० च्या दशकापासून मानले जात होते. कारण २-ऑक्सोग्लुटारेट डीहायड्रोजनेज हे एंझाइम त्यांच्यात सापडत नव्हते. २०११ साली शुयी झांग आणि डोनाल्ड ब्रायंट यांनी सायनेकोकॉकसच्या एका प्रकारात दाखवून दिले की, तेच अंतर दुसरी दोन एंझाइमे मिळून पार करतात. त्यांपैकी एकाच्या जनुकास जीनोमच्या नोंदीत भलतेच, म्हणजे ॲसिटोलॅक्टेट सिंथेजचे नाव दिलेले होते. येथे छिद्र जीवात नव्हतेच; ते नोंदीत आणि आपल्या पाठ्यपुस्तकांत होते. नाव चुकलेले आणि तो पर्यायी मार्ग संदर्भकोशात नोंदलेला नाही, अशा स्थितीत केवळ नावे ताडून पाहणारी कोणतीही पद्धत ते ओळखू शकली नसती. प्रथिन वेगळे काढून त्याची विक्रिया प्रत्यक्ष तपासली, तेव्हाच निर्णय झाला.

५

या गोष्टीचे महत्त्व केवळ शास्त्रीय काटेकोरपणापुरते नाही. २००४ साली हिवतापाच्या प्लाझ्मोडियम फाल्सिपेरम या परजीवीचा असा कोश वापरून संशोधकांनी त्याच्या चयापचयातील अरुंद खिंडी शोधल्या. म्हणजे ज्या विक्रियेवाचून एखादे द्रव्य निर्माण होऊ शकत नाही किंवा खर्ची पडू शकत नाही, अशा विक्रिया. औषधाचा मारा तेथे करावा, हा हेतू. परंतु ती खिंड खरी आहे की बाजूची वाट नोंदविण्याचे राहून गेले आहे, हे कोशाच्या प्रामाणिकपणावर अवलंबून आहे. चुकीच्या नोंदीची किंमत मग प्रयोगशाळेतील अनेक वर्षांच्या परिश्रमांत मोजावी लागते.

म्हणूनच या कोशांत प्रत्येक विधानास पुराव्याचे चिन्ह जोडण्याची जी सोय आहे, ती मला त्यातील सर्वांत मोलाची वाटते. हे प्रयोगाने सिद्ध झाले आहे, की संगणकाने अनुमानिले आहे, की एखाद्या लेखकाने म्हटले आहे, हे त्या चिन्हावरून कळते. नाव जुळविताना गळालेले ‘बहुधा’ हे विशेषण येथे आपल्या जागी परत येऊ शकते. विद्यार्थ्यांनी असा कोश उघडावा तेव्हा मार्गाचे आकर्षक चित्र पाहण्यापूर्वी हे चिन्ह पाहावे. कोशात एखादी गोष्ट आहे एवढ्यावरून ती सिद्ध होत नाही. ती तेथे कोणत्या आधारावर आली, हे विचारणे हाच कोशाच्या उपयोगाचा आरंभ होय.