पशुवैद्यकीय साहाय्यक : शस्त्रक्रियेच्या आधीचे आणि नंतरचे काम

पशुकल्याण संस्थेतील नोकरी म्हटली, की कुत्र्या-मांजरांना अंजारत-गोंजारत घालवलेला दिवस डोळ्यांपुढे येतो. प्रत्यक्षात साहाय्यकाचा दिवस सुरू होतो तो झाडू, बादली आणि पाण्याच्या नळीने. मात्र पिंजऱ्यात पाणी सोडण्याआधी त्याला थांबावे लागते. रात्रीचे अन्न तसेच पडले आहे काय, विष्ठेत रक्त आहे काय, ओकारी झाली आहे काय, हे पाहून नोंदवहीत लिहायचे आणि मगच नळी हाती घ्यायची. डॉक्टर येण्याआधीच पिंजरा लख्ख धुतला गेला, तर निदानाचा निम्मा पुरावा गटारात गेलेला असतो.

धुण्यालाही क्रम आहे. आधी पिल्ले आणि शस्त्रक्रिया झालेली जनावरे, मग इतर, आणि विलगीकरणातील पिंजरे सर्वांत शेवटी. हा क्रम उलटला तर पार्व्होचा विषाणू साहाय्यकाच्या चपलांवरूनच पिल्लांपर्यंत पोहोचतो. हा विषाणू चिवट असून जमिनीत कित्येक महिने तग धरतो. आपल्याकडे सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या फिनेलवर त्याच्या बाबतीत विसंबता येत नाही. घाण काढून, साबणाने घासून, मग पाण्यात मिसळलेले ब्लीच दहा मिनिटे फरशीवर राहू द्यावे लागते. शिवाय फिनेल मांजरांना विषारी ठरते, ते वेगळेच.

गोव्यातील बहुतेक संस्थांच्या कामाचा मोठा भाग भटक्या कुत्र्यांच्या निर्बीजीकरणाचा आहे. या कामाला केंद्राच्या 2023 च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांची चौकट आहे. शस्त्रक्रिया डॉक्टर करतात; तिच्या दोन्ही बाजूंचे काम साहाय्यकाचे. आदल्या रात्रीपासून जनावर उपाशी ठेवायचे, सकाळी वजन करायचे. भुलीच्या औषधाची मात्रा वजनावर ठरते, त्यामुळे ‘असेल पंधरा-सोळा किलो’ हा अंदाज इथे चालत नाही. केटामाइनच्या भुलीत कुत्र्याचे डोळे उघडेच राहतात. ते कोरडे पडून बुबुळाला इजा होऊ नये म्हणून डोळ्यांत मलम घालायचे, हेही साहाय्यकानेच लक्षात ठेवायचे.

टाके घातल्यानंतरचा तासभर सर्वांत जोखमीचा. कुत्र्याला कुशीवर झोपवून जीभ बाहेर ओढून ठेवायची, अधूनमधून कूस बदलायची, हिरड्या पाहायच्या. गुलाबी हिरडी बोटाने दाबून सोडली की दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. ती पांढुरकी दिसली तर आतून रक्तस्राव होत असण्याची शंका घ्यायची आणि डॉक्टरांना हाक मारायची. निरोगी कुत्र्याचे तापमान साधारण 38 ते 39 अंश सेल्सिअस असते. भुलीत ते झपाट्याने उतरते. आषाढातल्या ओलसर दिवसांत ओल्या फरशीवर ठेवलेले जनावर शुद्धीवर यायला उशीर लावते. अशा वेळी कोरडे गोणपाट आणि गरम पाण्याच्या बाटल्याही जीव वाचवतात. मात्र बाटली कपड्यात गुंडाळलेली हवी, नाहीतर भुलीतल्या जनावराला भाजलेलेही कळत नाही.

इथे एक मर्यादा स्पष्ट असलेली बरी. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा 1984 चा आहे. त्यानुसार पशुवैद्यकीय व्यवसाय नोंदणीकृत पशुवैद्यानेच करायचा असतो. विहित पदविका वा प्रमाणपत्र असलेल्यांना राज्य सरकारच्या आदेशाने, पशुवैद्याच्या देखरेखीखाली किरकोळ उपचार करता येतात. दहा वर्षे मलमपट्टी करून हात कितीही बसलेला असो, औषध ठरवण्याचा अधिकार त्याने मिळत नाही.

कुत्रा बरा झाला की जिथून पकडला तिथेच सोडायचा, हा नियम. वरवर पाहता हे वाहनचालकाचे काम. खरे तर ते नोंदवहीचे आहे. पकडतानाच जागा नेमकी लिहिली नसेल, तर शिवोलीचा कुत्रा म्हापशात उतरतो. अनोळखी टोळी त्याला फाडते किंवा तो घराच्या वाटेवर गाडीखाली येतो. त्याच्या मूळ वाड्यावर रिकाम्या झालेल्या जागी लस न टोचलेला दुसरा कुत्रा येऊन बसतो.

अशा नोंदींना गोव्यात विशेष मोल आहे. ‘मिशन रेबीज’ने राज्यात 2014 मध्ये काम सुरू केले, पुढे राज्य सरकारही त्यात उतरले. जाळी घेतलेली पथके वाड्यावाड्यांत फिरली. टोचलेल्या प्रत्येक कुत्र्याची नोंद मोबाइलवर जागेसह झाली. कुत्र्यांमधील रेबीजचे मासिक प्रमाण 92 टक्क्यांनी घटल्याचे आणि माणसांतील मृत्यू शून्यावर आल्याचे 2022 मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकातील शोधनिबंधाने मांडले. त्याआधी 2021 मध्ये राज्य रेबीज-नियंत्रित म्हणून जाहीर झाले होते. नियंत्रित म्हणजे निर्मूलन नव्हे. राज्याच्या सीमा कुत्र्यांना ठाऊक नसतात.

म्हणूनच साहाय्यकाच्या स्वतःच्या लसीचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. रेबीज झालेला प्रत्येक कुत्रा अंगावर धावून येत नाही. काहींचा जबडा लोंबकळतो, लाळ गळते, गिळता येत नाही, आवाज घोगरा होतो. पाहणाऱ्याला वाटते, घशात हाड अडकले आहे. दयाबुद्धीने तोंडात घातलेला हात तेव्हा दातांइतकाच लाळेमुळे धोक्यात येतो. हातावर खरचटलेले असले तरी पुरे. असा कुत्रा आला की हात न लावता वेगळा ठेवणे आणि डॉक्टरांना सांगणे, एवढेच साहाय्यकाचे कर्तव्य.

या कामात येणाऱ्याने प्रतिबंधक लस आधीच घ्यावी. पहिला डोस, सातव्या दिवशी दुसरा आणि एकविसाव्या किंवा अठ्ठाविसाव्या दिवशी तिसरा, असा नेहमीचा क्रम आहे. नंतर चावा झाला तरी जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावीच लागते आणि त्याच दिवशी व तिसऱ्या दिवशी लस घ्यावी लागते. इम्युनोग्लोब्युलिनची मात्र गरज उरत नाही. ही लस कामावर रुजू होण्याआधी द्यायची असते, पहिला चावा बसल्यानंतर नव्हे. काटकसरीच्या संस्थेत नेमका हाच खर्च पुढच्या महिन्यावर ढकलला जाण्याचा मोह असतो.

किनाऱ्यावरच्या केंद्रांना आणखी एक हंगाम सांभाळावा लागतो. ऑक्टोबर ते मे शॅकच्या आसऱ्याने आणि पर्यटकांच्या ताटातले खाऊन जगलेले कुत्रे शॅक उतरले की उपाशी पडतात. जूननंतर खरजेने सोललेली, जखमांत अळ्या पडलेली जनावरे येऊ लागतात. सगळीच वाचत नाहीत. काहींना दयामरण द्यावे लागते. निर्णय आणि सुई डॉक्टरांची असली, तरी त्या वेळी जनावराला धरून ठेवणारे हात साहाय्यकाचेच असतात. त्यानंतर पुढचा पिंजरा धुवायचा असतोच.

पगार बेताचा, सुट्ट्या मोजक्या, रविवारीही खाणे घालावेच लागते. तरीही यावेसे वाटणाऱ्याने आधी काही दिवस स्वयंसेवक म्हणून काढावेत. मुलाखतीच्या वेळी पगाराबरोबर आणखी दोन गोष्टी विचाराव्यात : रेबीजची लस कोण देणार आणि कधी, आणि रात्री शस्त्रक्रियेच्या जनावरांपाशी कोण असते.