भिंत संपते तिथली नक्षी

दिवाळीआधी रंगकाम काढलं की हल्ली नंदुरबार-शहाद्याकडच्या घरांत एक प्रश्न हमखास निघतो: छताच्या कडेनं पीओपीची पट्टी मारायची का? जरूर मारा! फक्त तिच्या करामती आधी माहीत असू द्या.

पीओपी, म्हणजेच प्लास्टर ऑफ पॅरिस, हा भाजलेला जिप्सम. हा खडक साधारण 150 अंश सेल्सिअसला तापवला की त्यात बांधलेलं तीन चतुर्थांश पाणी उडून जातं. उरलेल्या पुडीत पाणी कालवलं की ती परत दगड व्हायला लागते आणि घट्ट होताना चक्क गरम होते. घमेल्याला हात लावून बघा! त्याच वेळी ती किंचित फुगतेही, म्हणून फर्म्यातलं बारीकसं पानफूलही ठसठशीत उठतं. नावातलं पॅरिस आलं ते माँमार्त्र टेकडीखालच्या जिप्समच्या खाणींमुळे. पण मसाला त्याहून कितीतरी जुना. गिझाच्या पिरॅमिडच्या दगडांमध्येही जिप्समचाच लेप आहे.

कारागीर दर घाण्याला घमेलं खरवडून का काढतो? जुन्या, घट्ट झालेल्या पीओपीचे कण नव्या मालात मिसळले तर तो झपाट्यानं आवळतो आणि हातातच दगड होतो. याउलट लिंबातलं सायट्रिक आम्ल त्याला रेंगाळत ठेवतं.

आता खरी गंमत. पट्टी बसते ती भिंत आणि स्लॅबच्या सांध्यावर, आणि हा सांधा कधी स्थिर नसतो. पाच मीटर लांबीचा स्लॅब 20 अंशांनी तापला की जवळपास 1 मिलिमीटर वाढतो, रात्री परत आक्रसतो. आपल्याकडचा उन्हाळा म्हटल्यावर हे रोजचंच. मग सांध्यावर केसासारखी भेग पडते. पट्टी ती झाकते खरी, पण पीओपी ताठ असतं, लवत नाही. म्हणून वरच्या कडेला लवचीक अ‍ॅक्रेलिक सीलंट भरून घ्यावं, असं माझं ठाम मत आहे.

वर सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुव्याकडच्या कुडाच्या घरांत याच जागी भिंत आणि छप्पर यांच्यात मुद्दाम फट सोडलेली दिसते. चुलीचा धूर तिथून बाहेर जातो, वारा आत येतो. खानदेशातल्या जुन्या धाब्याच्या घरांत तर तुळया आणि त्यांवरचं किलचन उघडंच दिसे. झाकायचं काही नव्हतंच. ही पट्टी आली ती सपाट स्लॅबसोबत.

कोपऱ्यात गुण्या लावून बघितल्याशिवाय कापायला घेऊ नका. काटकोन असेल तर दोन्ही तुकडे 45 अंशांत कापायचे, कोपरा 92 अंशांचा निघाला तर 46 अंशांत. तयार पट्टी कटाईच्या साच्यात उलटी ठेवतात, म्हणजे छताकडची कड खाली. नवखा माणूस इथंच हमखास फसतो.

आणि पाणी! एका लिटर पाण्यात सुमारे 2 ग्रॅम जिप्सम विरघळतं, त्यामुळे गळक्या स्लॅबखाली ही नक्षी टिकत नाही. आधी गच्चीचं वॉटरप्रूफिंग, मग छत पुरतं वाळू द्यायचं, त्यानंतरच पट्टी. दहा बाय बारा फुटांच्या खोलीला 44 फूट पट्टी लागते. कापाकापीत वाया जाणारी धरून 48 फूट मागवा. छत बुटकं असेल तर तीन इंची पट्टी पुरे, रुंद पट्टीनं ते आणखी खाली आल्यासारखं दिसतं.