घासलेट सून ओळखते काय?

जळणे हा पदार्थाचा गुण आहे; त्यात पदार्थाला ना राग, ना लोभ. घासलेट पेटते असे आपण म्हणतो. परंतु रसायनशास्त्र सांगते की, द्रव स्वतः जळत नाही, जळते ती त्यातून उठून हवेतील प्राणवायूत मिसळलेली वाफ. ठिणगी लागताच पेट घेण्याइतकी वाफ किती उष्णतेस उठते, हीच ज्वालाग्राहीपणाची एक मुख्य कसोटी होय. पेट्रोलची वाफ शून्याखाली ४० अंशांसही पेट घेते. घासलेटास भारतीय मानकाप्रमाणे निदान ३५ अंश सेल्सिअस उष्णता लागते. हा भेद मोजण्याकरिताच १८७९ साली इंग्लंडच्या कायद्याने सर फ्रेडरिक एबेल यांचे बंद पात्राचे यंत्र मान्य केले.

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. वैशाखात विदर्भातील स्वयंपाकघरात ही मर्यादा सहज ओलांडली जाते, आणि पंपाच्या स्टोव्हमध्ये तर घासलेटाची वाफ करूनच ते जाळतात; म्हणून पेटत्या स्टोव्हमध्ये तेल भरणे हे संकटास आमंत्रण होय. उलट, थंड घासलेट नुसते सांडल्याने सहसा भडकत नाही. मात्र तेच सुती लुगड्यात भिनले की प्रत्येक धागा वात बनतो.

तेव्हा आमचा प्रश्न असा: गेल्या शतकाच्या उत्तरार्धात ‘स्टोव्हचा भडका उडून विवाहिता भाजली’ अशा बातम्या वारंवार छापून येत. त्याच स्टोव्हवर सासू आणि नणंदही चहा करीत. मग भडका नव्या सुनेच्याच वाट्यास इतक्या वेळा का यावा? सारेच अपघात खोटे होते असे आम्ही म्हणत नाही. परंतु निसर्गनियम नातेगोते पाहत नाही. जेथे तो पाहू लागल्यासारखा दिसतो, तेथे दोष निसर्गाचा नसून मनुष्याचा असतो. १९६१ साली हुंडाबंदीचा कायदा झाला, तरी १९८६ साली दंडसंहितेत हुंडाबळीचे स्वतंत्र कलम घालावे लागले, ही आम्हांस लाज आणणारी गोष्ट आहे.

आता पुष्कळ घरांत स्टोव्हच्या जागी गॅस आला आहे. सबबही त्याबरोबर बदलू शकेल. म्हणून पंचनामा करणाऱ्यांनी तेल कोठे सांडले, वस्त्र कोठून पेटले, चूल तापलेली होती काय, हे विचारलेच पाहिजे. आणि शेजाऱ्यांनी जे ऐकले, ते निर्भयपणे सांगितले पाहिजे.