मित्र गेला, त्याच्या गाडीचं काय?

गाडीवेड्या सोबत्याला निरोप म्हणून शहापूरहून कसाऱ्याकडे किंवा मुरबाडहून माळशेजकडे ताफा काढावासा वाटतो, ही भावना खरी आहे. पण माझ्या मते आधी त्याच्या गाडीचे कागद बघावेत. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार वारसाने मृत्यूची खबर ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला दिली, तरच ३ महिने ती गाडी चालवता येते. त्याच ३ महिन्यांत नमुना ३१ भरून नावबदलाचा अर्ज करायचा असतो. दुःखात कागद कसले, असं कुणी म्हणेल. पण घरच्यांना या मुदती बहुधा ठाऊक नसतात, आपल्याला असतात. आणि त्याने जिवापाड जपलेली गाडी दारात गंजू द्यायची का? ताफाही जरूर काढा, मात्र हॉर्नचा गजर नको आणि घाटात रुग्णवाहिकेला वाट मोकळी ठेवा.