नॅव्हाहो लोकांचीं कुरणें व लोकसंमति

अमेरिकेच्या ॲरिझोना, न्यू मेक्सिको व युटा या तीन संस्थानांत नॅव्हाहो लोकांचा मुलूख पसरला आहे. हे लोक आपणांस 'दिने' म्हणवितात. १८६४ सालीं सरकारी फौजेनें त्यांस मायभूमींतून हुसकून फोर्ट समनर येथें नेलें. ता. १ जून १८६८ रोजीं तह होऊन त्यांस परतण्याची मुभा मिळाली. १५,००० मेंढ्या व शेळ्या त्यांस खरेदी करून द्याव्या, असें त्या तहांत कलम होतें. मेंढरूं हेंच त्यांचें धन, आणि तें बव्हंशीं स्त्रियांच्या मालकीचें असे.

पुढें कळप वाढले, कुरणें उघडीं पडलीं व जमिनीची धूप होऊं लागली, हें नाकारतां येत नाहीं. कोलोराडो नदीवरील नव्या धरणांत गाळ भरेल, ही सरकारास धास्ती होती. इंडियन खात्याचे आयुक्त जॉन कॉलियर यांनीं १९३३ पासून जनावरें कमी करण्याचा उपक्रम आरंभिला. पुरुषांच्याच बनलेल्या मंडळानें त्यास रुकार दिला. कळपांच्या धनिणींस कोणीं पुसलें नाहीं. विकत घेतलेल्या कित्येक शेळ्या जागच्या जागीं गोळ्या घालून मारण्यांत आल्या. याची चीड इतकी बसली कीं, १९३४ च्या इंडियन पुनर्घटनेच्या कायद्यास नॅव्हाहो मतदारांनीं १९३५ सालीं नकार दिला.

येथें एक गोष्ट ध्यानांत धरण्याजोगी आहे. संमति मुळींच घेतली नव्हती असें नव्हे; ज्यांचें जाणार होतें त्यांची ती नव्हती, हाच दोष होय.

पुढील कायद्यांकडे आम्ही याच दृष्टीनें पाहतों. १९९३ च्या इंडियन शेतीविषयक कायद्यानें प्रत्येक जमातीची दहा वर्षांची शेतीयोजना जाहीर सभांतून तयार व्हावी असें ठरविलें. नॅव्हाहो मुलुखांत १९२७ पासून 'चॅप्टर' नांवाच्या स्थानिक सभा सुरू झाल्या होत्या. आज त्या ११० आहेत. १९९८ च्या स्थानिक कारभाराच्या कायद्यानें आपापल्या जमिनीच्या वापराची योजना करण्याचा मार्ग त्यांस मोकळा झाला.

तथापि सभा भरली म्हणजे काम झालें, असें मानूं नये. चराईचे परवाने कित्येक कुटुंबांपाशीं नाहींत. परवानेवाला, बिनपरवान्याचा व घरची वृद्धा या तिघांचें बोलणें योजनेंत उतरलें, तरच जुनी जखम भरून येईल, असें आम्हांस वाटतें.