लाकडी चाळीचा वारसा

भिलाई हे पोलादाचे नगर. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएट संघ यांच्यात येथील कारखान्याचा करार झाला, तेव्हा दुर्ग जिल्हा जुन्या मध्य प्रदेशात होता आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्याबरोबर त्याची आखीव वसाहतही उभी राहिली. सेक्टर ६ हा तिचाच एक भाग. माणसाला कामावर बोलवावयाचे तर त्याच्या निवाऱ्याचीही सोय पाहावयास हवी, हे तत्त्व येथे गृहीतच धरलेले होते. आज ते इतके स्वाभाविक वाटते की, ते मान्य होण्यासाठी किती काळ आणि किती माणसे खर्ची पडली याचे स्मरण राहत नाही. ते स्मरण करून देणारी वास्तू पाहावयाची तर मुंबईस जावे लागते. ती म्हणजे गिरगावातील आणि गिरणगावातील जुनी लाकडी चाळ.

मुंबईतील पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केली. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे येथील कापसाला सोन्याचा भाव आला आणि शहरात पैसा खेळू लागला. रत्नागिरी, सातारा या भागांतून माणसांचे लोंढे मुंबईकडे वळले. त्यांनी राहावे कोठे, हा प्रश्न बहुतेक गिरणीमालकांनी आपला मानला नाही. तो व्यापाऱ्यांनी आणि जमीनमालकांनी आपल्या पद्धतीने, म्हणजे भाड्याच्या हिशेबाने सोडविला. कमी जागेत अधिक बिऱ्हाडे बसविणारी इमारत म्हणून चाळ जन्मास आली.

या इमारतीसाठी लाकूडच का वापरले गेले, याचे उत्तर मुंबईच्या बंदरात आहे. मलबारचे आणि ब्रह्मदेशाचे सागवान समुद्रमार्गे येथे उतरत असे, आणि पोलादी तुळयांचे युग अद्याप यावयाचे होते. चाळीचा सारा भार लाकडी सांगाड्यावर असे : खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या आणि माथ्यावर कौले. विटांच्या भिंती पुष्कळदा या सांगाड्यातील पोकळी भरण्यापुरत्याच असत. दहा-बारा फूट लांबीरुंदीच्या खोल्या एका ओळीत आणि त्यांच्यापुढून गेलेली लाकडी कठड्याची लांबच लांब गॅलरी, असा तिचा थाट. नळ आणि शौचकूप मजल्याला मिळून सामायिक.

या राहणीचे गोडवे गाण्यापूर्वी तिची किंमत लक्षात घ्यावयास हवी. अंधार, कोंदट हवा आणि गर्दी यांचा परिणाम १८९६ च्या प्लेगने दाखवून दिला. त्या आघातानंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. १९२० नंतरच्या दशकात सरकारच्या विकास खात्याने वरळी, नायगाव, शिवडी आदी ठिकाणी काँक्रीटच्या बी. डी. डी. चाळी बांधल्या. श्रमिकांचे घर हा घरमालक आणि भाडेकरू यांच्यापुरता खाजगी व्यवहार नसून तो सार्वजनिक जबाबदारीचा प्रश्न आहे, ही जाणीव अशी पायरीपायरीने दृढ होत गेली. स्वातंत्र्यानंतरच्या भिलाईसारख्या वसाहती याच जाणिवेच्या पुढच्या पायऱ्या होत. या अर्थाने सेक्टर ६ मधील क्वार्टरचे नाते मुंबईच्या लाकडी चाळीशी पोहोचते.

परंतु चाळीने समाजाला केवळ इशाराच दिला असे नाही. तिने एक देणगीही दिली. खोली इतकी लहान की, संसाराचा अर्धा भाग गॅलरीत मांडावा लागे. तेथे पापड वाळत, मुले अभ्यास करीत, वृत्तपत्र एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जाई. गिरणगावात एकेका खोलीत एकाच गावचे अनेक पुरुष पाळीपाळीने राहत आणि एखादी गृहिणी खानावळ चालवून त्यांना जेवू घाली. जी जागा घरमालकाने केवळ ये-जा करण्यासाठी सोडली होती, तिला रहिवाशांनी सभागृहाचे रूप दिले. गिरगावातील केशवजी नाईक चाळीत १८९३ मध्ये सुरू झालेला गणेशोत्सव मुंबईतील पहिला सार्वजनिक गणेशोत्सव म्हणून ओळखला जातो. १९०१ मध्ये लोकमान्य टिळकांनी तेथे भेट दिली. वर्गणी गोळा करणे, हिशेब ठेवणे, वाद मिटविणे, व्याख्याने योजणे हे लोकशाहीचे प्राथमिक शिक्षण असंख्य मराठी माणसांना अशाच उत्सवांतून मिळाले. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनालाही गिरगाव-लालबागच्या चाळींतून बळ मिळाले. मराठी माणूस नोकरीनिमित्त परप्रांतात गेला तरी तेथे प्रथम मंडळ आणि गणपती उभा करतो, त्या सवयीच्या मुळाशी या लाकडी गॅलरीचाही वाटा आहे.

आता हे लाकूड थकले आहे. भिंतीत रुतलेली कड्यांची टोके पावसाच्या ओलीने कुजतात, वाळवी आतून पोखरते आणि वरून शाबूत दिसणारी तुळई एके दिवशी दगा देते. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडेकरूला संरक्षण दिले, पण भाडे १९४० च्या पातळीवर गोठल्याने मालकाला दुरुस्तीत स्वारस्य उरले नाही. १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ स्थापन होऊन उपकराची व्यवस्था आली. तरीही अनेक चाळी टेकूंवर उभ्या राहिल्या, तर अनेकांच्या जागी मनोरे आले. पडावयास झालेल्या छपराखाली कोणी जीव धोक्यात घालून इतिहास जपावा, अशी अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. ज्या कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या एका खोलीत काढल्या, त्यांचा सुरक्षित घरावरील हक्क सर्व स्मृतींहून मोठा आहे.

तथापि चाळ पाडण्यापूर्वी तिचे मोजमाप, नकाशे, छायाचित्रे आणि वृद्ध रहिवाशांच्या आठवणी नोंदवून ठेवणे अशक्य नाही. त्यास खर्चही फारसा येत नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट नव्या इमारतीच्या आराखड्यात आहे. उद्वाहन आणि बंद दरवाजा यांच्यामध्ये माणसे सहज थांबतील, मुले खेळतील, शेजारी चार शब्द बोलतील अशी मोकळी, उजेडाची जागा राखली जाते की नाही, हे पाहावयास हवे. लाकूड कालांतराने कुजणारच. त्याच्या आधाराने वाढलेला शेजार मात्र नव्या आराखड्यात जागा मिळाली तरच टिकेल.