पाचवा नंबर

हरवलेल्या मुलाला शोधणाऱ्या आईचे थ्रिलर मला अर्ध्यावर सोडवत नाहीत. बहुतेकांत एक क्षण ठरलेला असतो: आसपासचे लोक आईच्याच डोक्यावर शंका घेऊ लागतात. 'चेंजलिंग' (2008) पाहताना माझा जीव इथेच कासावीस झाला. ती कथा खरी आहे. 1928 साली लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी क्रिस्टीन कॉलिन्सच्या हाती दुसराच मुलगा दिला आणि 'हा माझा नाही' म्हणणाऱ्या आईला मनोरुग्णालयात टाकलं.

आपल्या मुंबईची गोष्टही तितकीच जीवघेणी. जानेवारी 2013 मध्ये अंधेरीची सात वर्षांची मुलगी शाळेच्या वाटेवर नाहीशी झाली. सहायक फौजदार राजेंद्र भोसले यांच्या हरवलेल्या मुलींच्या यादीतली ती 166 वी. बाकी 165 मुलींचा छडा लागला, ही नाही. निवृत्तीनंतरही ते तिला शोधत राहिले. ऑगस्ट 2022 मध्ये ती सापडली, घरापासून हाकेच्या अंतरावर! तिच्यासोबत काम करणाऱ्या बाईने इंटरनेटवर ती हरवल्याचं जुनं पोस्टर शोधलं. त्यावर पाच फोन नंबर होते. लागला एकच, शेजाऱ्याचा. व्हिडिओ कॉलवर आईने लेकीला ओळखलं. वडील मात्र काही महिन्यांपूर्वीच गेले होते.

आमच्या चंद्रपूरशेजारचं बल्लारशा म्हणजे दिल्ली-चेन्नई मार्गावरचं जंक्शन. इथून गाडीत बसलेलं लेकरू रातोरात परराज्यात पोचतं. म्हणून '24 तास वाट पाहा' हे कुणाचंही ऐकू नका. मूल हरवल्याच्या तक्रारीवर गुन्हा नोंदवलाच पाहिजे, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2013 चा आदेश आहे. लगेच पोलीस ठाणं गाठा, मुलांसाठीची हेल्पलाइन 1098 लावा. आणि पोस्टरवरचा नंबर कधीही बंद करू नका.